एका गळ्याचे दोन भोंगे

ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं आणि त्याच आठवड्यात आईचा आवाज बसला.

आधी तो घोगरा झाला, मग फाटला, मग मधूनच जायला लागला. आई शेतातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, उभी राहून पाखरांना हाकारा घालायची, त्यातला ‘हाऽऽ’ बाहेर पडायचा आणि ‘हुर्रर्र’ गळ्यात अडकायचा. ती खोकायची, लोटीतलं पाणी घोटभर प्यायची, फडक्यानं तोंड पुसायची आणि पुन्हा हाकारायची.

सव्वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या पिकांची राखण करत आली होती. गावात तिला हाकारीण म्हणत. हाकारिणीनं नवऱ्याला जेवायला बोलावलं की पलीकडच्या गावातले नवरे हात धुऊन बसतात, अशी तिच्या आवाजाची चेष्टा होती. ती चेष्टा तिला आवडायची. ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, “आमचा मात्र तिसऱ्या हाकेला येतो.”

यंदा पावसानं दगा दिला. आजूबाजूची रानं पेरणीविना पडून राहिली आणि पिकलं ते एका मालकाच्या विहिरीखालचं आठ एकर. दहा गावांची पाखरं त्या आठ एकरांवर उतरायला लागली. उजाडता उजाडता एक थवा यायचा, ऊन तापायच्या आधी दुसरा, आणि दिवस कलला की आभाळ काळं व्हायचं. राखणीचा वाटा ठरलेला होता, दहा पोत्यांमागं एक पोतं. त्यावर घर वर्ष काढायचं. बाबांची सुतारकी नावापुरती उरली होती. लाकडाच्या वखारीत करवतीखाली उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून लोक त्यांच्याकडे मोडक्या खाटा आणि कुदळीचे दांडे तेवढे आणायचे.

आणि लेक परत आली होती. अकरा वर्षं ती शहराकडच्या एका कंपनीत होती, म्हणून गावानं तिचं नाव कंपनीवाली ठेवलं. तिथं स्पीकर बनायचे. लांबलचक टेबलाशी चाळीस बायका भिंगाखाली मान घालून बसायच्या आणि समोरून सरकत जाणाऱ्या बोर्डांना आपापला कथलाचा टाका मारायच्या. हिचा टाका सातवा. अकरा वर्षं तिनं तो एकच टाका मारला. मग त्या टेबलाच्या जागी यंत्र आलं आणि चाळीसही जणींना घरी पाठवलं. येताना तिनं ट्रंकेत दोन-चार नाकारलेले बोर्ड आणले होते, कचऱ्यात जायचे होते ते. डोळ्यांना जाड चष्मा आणला होता. वयाची पस्तिशी आणली होती.

ती आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं घशात लहानसा आरसा घालून पाहिलं.

“महिनाभर बोलायचं नाही,” तो म्हणाला. “कुजबुजायचंही नाही. आवाजाच्या दोऱ्यांवर गाठ आलीय. विश्रांती दिलीत तर कदाचित जिरेल.”

“पंचवीस दिवसांत कापणी आहे,” आई म्हणाली. “ती झाली की बोलत नाही. मग तर झालं?”

“मी काय सांगतोय तुम्हाला?”

“तुम्ही बरोबरच सांगताय. ते पाखरांना सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशी कंपनीवालीनं आईला माळ्याखाली बसवलं आणि स्वतः वर चढली. तिनं हाक घातली. ती शेतातल्या मधल्या वाटेपर्यंतही पोचली नाही. ज्या हॉलमध्ये तिची अकरा वर्षं गेली, तिथं बोलणाऱ्याला दंड होता. तिला पोटातून आवाज काढायची सवयच राहिली नव्हती. पाखरं मुकाट्यानं कणसं सोलत राहिली. तिनं गोफण फिरवली, तर दगड पुढे जायच्या ऐवजी मागं सुटला आणि आईच्या शेजारचा पाण्याचा माठ फुटला. आई हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली. मग उठून, तिला खाली यायची खूण करून, स्वतः वर चढली.

त्या दिवशी संध्याकाळी कंपनीवालीनं ट्रंक उघडली.

“बाबा, मला एक पेटी करून द्या,” ती म्हणाली.

“कसली पेटी?”

“स्पीकरची. आईचा हाकारा एकदा फोनमध्ये भरून घ्यायचा. फोन माळ्यावर ठेवायचा, पेटी शेतात. मध्ये तार लागत नाही. तीस पावलांवरून फोन सांगेल आणि पेटी ओरडेल. पेटी उचलून कुठंही ठेवता येईल.”

बाबा कुदळीचा दांडा तासत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला. “तू बनवलेत असले?”

“त्यातला सातवा टाका,” ती म्हणाली. “बाकीचे शेजारणींच्या हातात बघितलेत.”

भंगारवाल्याकडे एक चेपलेली मोटार पडून होती. तिच्या दोन दारांमधले दोन स्पीकर कंपनीवालीनं काढून आणले. एकाच्या कागदी पडद्याला चीर होती. ती तिनं पातळ कागद आणि गोंद लावून बुजवली आणि वर फुंकर मारत बसली. फोन दुरुस्त करणाऱ्यानं मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पोत्यात भरून ठेवल्या होत्या. त्या फोडून तिनं त्यातले सेल काढले, एकेक मोजून पाहिला. चाळीसमधले अकरा जिवंत निघाले. अकरावा तिनं बाजूला ठेवला आणि दहा जोडले. बोर्डांपैकी तीन खरंच मेलेले होते. चौथ्यावर तिला नुसताच एक सुटलेला टाका दिसला. तिनं चष्मा वर केला, बोर्ड डोळ्याशी धरला, पुन्हा चष्मा खाली केला. सुटलेला टाका सातवा होता. तो तिनं स्वतःच कधीतरी मारला असेल किंवा तिच्यानंतर आलेल्या यंत्रानं, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं कथील वितळवून तो पक्का केला.

पेटीवरून बापलेकीची दोन दिवस वादावादी चालली.

“फट नको राहायला,” ती म्हणाली. “आतली हवा बाहेर गेली की आवाज पोकळ होतो.”

“मी केलेल्या संदुकीत मुंगी गेलेली दाखव.”

“आणि मधोमध आडवी फळी हवी. दोन खण. दोन्ही स्पीकरांची हवा एकमेकांत मिसळायला नको.”

“एका गळ्याला दोन भोंगे कशाला?” बाबा म्हणाले. “एकच लाव की मोठा.”

“आई कधी एका जागी उभी राहून हाकारते का?” तिनं विचारलं.

बाबांनी विचार केला. आई हाकारायची ती धावत. माळ्यावरून उतरून बांधाच्या या टोकाला सुरू करायची आणि हाक संपेपर्यंत त्या टोकाला पोचायची, म्हणजे पाखरांना वाटायचं माणसं चहूकडे आहेत.

“एक स्पीकर उगवतीला, एक मावळतीला,” ती म्हणाली. “हाक इकडून निघेल आणि तिकडं जाईल. पेटी जागेवर राहील, आवाज धावेल.”

“असं होय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी जुन्या दाराची फळी उतरवली. तीन बोटांत रंधा धरून त्यांनी ती गुळगुळीत केली. गोल भोकं पाडताना करवत दोनदा सटकली. दुसऱ्यांदा अंगठ्याला लागली. त्यांनी अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. सांध्यांत लाकडाचा भुसा सरसात कालवून भरला. वर धरायला आपल्या अवजारांच्या पिशवीचा पट्टा काढून ठोकला. पिशवी आता तशीही कुणाच्या घरी न्यायची नव्हती.

राहिला आवाज.

“हळू आवाजात भरून घेतला तर?” बाबांनी विचारलं. “मग मशीनवर वाढवायचा.”

“हळू भरलेला वाढवला की नुसती खरखर वाढते,” ती म्हणाली. हे बोलताना तिनं आईकडे पाहिलं नाही. “एकदाच, आई. मग पुरा महिना तोंड उघडायचं नाही.”

आई म्हणाली, “पाखरांना खोटं कळतं. भ्यायला लावायचं तर आधी आपल्याला राग यायला लागतो.” आणि ती उठली.

घरामागच्या मोकळ्या रानात भर दुपारी आई उभी राहिली. कंपनीवाली दहा पावलांवर फोन धरून. आईनं पाय फाकवले, दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान जरा मागं टाकली. पहिली हाक चांगली निघाली. दुसरीही. तिसरीला गळ्याची शीर दोरीसारखी टरारून वर आली. चौथी मध्येच फाटली. कंपनीवालीनं हात वर केला, बास अशी खूण केली, पण आई डोळे मिटून होती. पाचवी हाक सगळ्यांत मोठी होती. तशी हाक कंपनीवालीनं लहानपणीच ऐकली होती. लांबच्या झाडावरचे कावळे उडाले.

मग आई वाकली आणि थुंकली. थुंकीत लाल दोरा होता. तिनं पायानं त्यावर माती सारली.

“झालं का गं?” ती म्हणाली. “बंद कर ते आता.”

पहिल्या दिवशी पेटी खांद्याला अडकवून कंपनीवाली उजाडायच्या आत शेतात गेली. सहा-सात किलोंचं ओझं, पट्टा खांद्यात रुतला. माळ्यापासून तीस पावलांवर, ज्वारीच्या उभ्या ताटांमध्ये, तिनं ती उलट्या टोपलीवर ठेवली आणि मागं येऊन माळ्याच्या पायरीवर बसली. आई शेजारी. थवा उतरला. कंपनीवालीनं फोनवर बोट टेकवलं.

हाक उगवतीकडून निघाली, ताटांवरून सरसरत मावळतीला गेली, आणि सगळं आभाळ फडफडलं. अकरा वर्षं ती स्पीकर बनवत होती, पण एकही वाजताना तिनं ऐकला नव्हता. आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. आपला आवाज बाहेरून कसा वाटतो ते तिनंही आजवर ऐकलं नव्हतं.

तीन दिवस पाखरू टिकलं नाही. आई सावलीत बसून राहिली, कुणी काही विचारलं तर मान हलवायची. बाबा दुपारी शेतावर यायचे, पेटीभोवती एक फेरी मारायचे, सांध्यांवरून बोट फिरवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकून सांगितलं, “फळी जुनीये, म्हणून आवाज घुमत नाही. नव्या लाकडाचं काम नाही ते.”

सांगायला नको होतं. चौथ्या दिवशी मालक आला.

तो बांधावर उभा राहिला आणि हाक ऐकली. पुन्हा लावायला सांगितली. हसला. मग त्यानं सावलीत बसलेल्या आईकडे पाहिलं.

“मग हाकारीण काय करते?”

“तिला डॉक्टरनं बोलू नको सांगितलंय,” कंपनीवाली म्हणाली.

“बोलू नको सांगितलंय ते बरोबर. पण मग इथं बसून काय करते? कणसं मोजते?”

आई उठली. सव्वीस वर्षं या माणसाशी आणि याच्या बापाशी ती वाट्यावरून भांडत आली होती आणि दरवेळी तिचा आवाज त्यांच्यापेक्षा वर चढला होता. आता तिनं हात केले. आपल्या गळ्याकडे दाखवलं, पेटीकडे दाखवलं, छातीवर हात मारला. आवाज माझाच आहे. मालकाच्या गड्यानं तिच्यासारखेच हात करून दाखवले आणि तो हसला.

“हे बघ कंपनीवाले,” मालक म्हणाला, “राखणीचा वाटा असतो तो माणसाच्या मेहनतीचा. पेटीला काय मेहनत? वीस पोत्यांमागं एक देईन. आणि एकच माणूस बसायचं. दोघी-दोघी रानात बसल्या की पाखरं परवडली.”

“मालक, पेटी आमच्या घरची आहे.”

“मग घरी ने. मी शहरातून आणवतो एक. त्यात बाईही नको आणि सुतारही नको.”

बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. कंपनीवालीला बोलता येत होतं. ती “बरं” म्हणाली. आई घराकडे चालायला लागली. तिची लोटी माळ्याखालीच राहिली.

पुढचे दिवस कंपनीवाली एकटी बसली. मालकाचा गडी विहिरीवर मोटर चालू करायला यायचा आणि पेटी ऐकत थांबायचा. फोनमध्ये पाच हाका झाल्या की शेवटी आईचं बोलणंही भरलं गेलं होतं. त्यामुळे दर खेपेला शेताच्या मधोमध पेटी ओरडायची आणि मग साध्या, दमलेल्या आवाजात म्हणायची, “झालं का गं? बंद कर ते आता.”

गड्याला ते भारी आवडलं. त्यानं गावात नेलं. दोन दिवसांत पाणवठ्यावरच्या पोरींपासून ते दुकानाच्या फळीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे एकमेकांना म्हणायला लागले, “झालं का गं? बंद कर ते आता.” कंपनीवाली दुकानात साबण घ्यायला गेली तर दुकानदारानंही दिव्याचं बटण दाबत तेच म्हटलं. आई घरी होती, पण घराला भिंती असल्या तरी खिडकीही असते.

त्या दुपारी माळ्यावर बसून कंपनीवालीनं ते शेवटचं वाक्य फोनमधून कापून टाकलं. पाच हाका ठेवल्या. आधीचं पुसून त्यावरच नवीन ठेवायचं का, असं फोननं विचारलं, तिनं हो म्हटलं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नाही. उलट एक काम हातावेगळं झालं असं वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी थवा उतरला, पेटी ओरडली, थवा उडाला आणि गिरकी घेऊन तिथंच बसला. तिनं पुन्हा लावली. अर्धी उडाली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा पाखरांनी नुसत्या माना वर केल्या.

तिनं पेटी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. हाकांचा क्रम बदलला. मावळतीकडून उगवतीला आवाज नेला, दोन हाकांमध्ये कधी लांब, कधी कमी वेळ ठेवला. दुपारपर्यंत जमलं. दुपारनंतर एक चिमणी पेटीवर येऊन बसली आणि पेटी ओरडत असताना पंख साफ करत राहिली. थोड्या वेळानं तिच्या शेजारी दुसरी बसली. आवाज ताटांवरून सरसरत गेला, तिकडून काही आलं नाही. दगड आला नाही, माणूस आला नाही. पाखरांना ते कळायला सात दिवस लागले होते.

ती धावत घरी गेली. बाबा खाटेची दोरी विणत होते.

“ऐकत नाहीत आता,” ती म्हणाली.

बाबांनी दोरी तशीच सोडली. आई आधीच गोफण शोधत होती.

पुढचे नऊ दिवस तिघंही शेतात होते. मालक एकाच माणसाचं बोलला होता, पण आता तो काही म्हणाला नाही. बाबा पत्र्याचा डबा लाकडानं बडवत बांधाबांधानं फिरायचे. तीन बोटांत लाकूड टिकायचं नाही, म्हणून त्यांनी ते मनगटाला बांधून घेतलं. संध्याकाळपर्यंत मनगट सुजायचं. कंपनीवाली ताटांमधून पळायची. पानांच्या कडांनी तिचे हात आणि गाल चरचर कापले, घाम त्यात उतरायचा. चष्म्यावर धूळ आणि कणसांच्या भुशाचा थर बसायचा. तो पुसायला थांबलं की तेवढ्या वेळात मागचा तुकडा गेलेला असायचा. आई माळ्यावर होती. तोंड मिटून, एका मागोमाग एक दगड. तिचा नेम अजून शाबूत होता. पण हाकेनं आठ एकर उठायचे आणि दगडानं एक वाफा उठायचा. उडालेली पाखरं पाठीमागं उतरायची. ती वळायची, दगड टाकायची, पुन्हा वळायची. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा वर जाईना. तिनं गोफण डाव्या हातात घेतली.

पाचव्या दिवशी कंपनीवालीनं वर पाहिलं तेव्हा आई तोंड उघडून उभी होती. मान मागं टाकलेली, पाय फाकलेले, गळ्याची शीर वर आलेली. कंपनीवालीला वाटलं आपल्याच कानात घाम गेलाय. तिनं कान पुसले. आईच्या तोंडातून फुटक्या भात्यातून जावी तशी नुसती हवा जात होती.

“आई, नको,” ती खालून ओरडली. “नको ना.”

आईनं तोंड मिटलं आणि दगड घेतला.

कापणी ठरल्या दिवसाच्या आधीच झाली. जे आहे ते तरी हाती लागू दे, म्हणून मालकानं दाणा पुरता वाळायच्या आत विळे लावले. कणसं हातात घेतली की हलकी लागायची, अर्धी तर दाणा गेलेल्या बोंडांचे नुसते खराटे. खळ्यावर पोती भरली तेव्हा दरवर्षीच्या निम्मी नव्हती. मालक खुर्ची टाकून बसला होता.

“वीस पोत्यांमागं एक म्हटलं होतं,” तो म्हणाला. “वीस झालीच कुठं?”

बाबा म्हणाले, “मालक, आम्ही तिघं नऊ दिवस...”

“मिस्त्री, मी तुम्हाला तिघांना बोलावलं होतं का? मी राखण मागितली होती. ही राखण झाली? तुमची लेक म्हणाली पेटी राखेल. पेटीनं काय राखलं ते समोर आहे.” मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गड्याला खूण केली. गड्यानं खळ्याच्या कडेचं झाडून काढलेलं एक पोतं ओढत आणलं. त्यात दाण्यापेक्षा कोंडा जास्त होता. “घेऊन जा. पुढच्या वर्षी मी इथं ऊस लावतोय. राखणीचं काम राहणार नाही. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून तुम्ही आशेवर राहाल.”

आईनं पोत्याचं तोंड उघडलं, मूठभर हातात घेतलं, फुंकर मारली. हातात नऊ-दहा दाणे राहिले. ते तिनं मालकाच्या खुर्चीच्या हातावर नीट ओळीनं ठेवले आणि ती निघाली. पोतं बाबांनी उचललं. न उचलून चालण्यासारखं नव्हतं.

पेटी घरी आणली तेव्हा दवानं फळी फुगली होती आणि एका कोपऱ्यात सांधा उघडला होता. बाबांनी त्या फटीत नख घातलं. “मुंगी जाईल,” एवढंच म्हणाले. कंपनीवालीनं सेल काढून घेतले आणि फोनवाल्याला परत नेऊन दिले. त्यानं त्या बदल्यात आईला दवाखान्यात नेण्यापुरतं गाडीभाडं दिलं.

डॉक्टरनं आरसा घातला. बराच वेळ पाहिलं. आरसा काढून पाण्यात टाकला.

“मी काय सांगितलं होतं?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तो दमलेला वाटला. “दोरी फाटून पुन्हा भरलीय, वेडीवाकडी. गाठ वाढलीय. आता कापून काढावी लागेल, आणि कापताना आवाज राहत नाही. गाठ काढली नाही तर पुढं श्वासाला अडेल.” त्यानं कागद पुढे ओढला. “बोलू नको म्हटलं असताना यांना ओरडायला कुणी लावलं?”

“मी,” कंपनीवाली म्हणाली, पण ते ओठांतच राहिलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

आईनं टेबलावर बोटं आपटली. डॉक्टरनं वर पाहिलं. आईनं आपल्या छातीवर हात ठेवला. दोनदा थोपटला. मी. माझी मीच.

“म्हणजे सांगूनही ऐकायचं नाही,” डॉक्टर म्हणाला आणि लिहायला लागला.

बाहेर गाडीच्या थांब्यावर बाकावर दोघी बसल्या. ऊन डोक्यावर होतं. गाडीला उशीर होता. शेजारी एक माणूस कोंबड्यांची पाटी घेऊन बसला होता.

आईनं कंपनीवालीच्या दंडाला हात लावला. तिला काही सांगायचं होतं. तिनं रस्त्याकडे बोट केलं, मग दोन बोटं दाखवली. मग तळहात पसरून हळूच मिटला. मग कंपनीवालीच्या डोळ्यांकडे, चष्म्याकडे दाखवलं.

“पाणी हवंय?”

आईनं मान हलवली, नाही.

“बाबांना काही न्यायचंय?”

नाही.

“डोळे तपासून घेऊ म्हणतेस? माझे?”

आई थांबली, मग नाही. तिनं पुन्हा सुरुवात केली, आता सावकाश, लहान पोराला शिकवावं तशी. रस्ता. दोन. पसरलेला तळहात, मिटलेला तळहात. डोळे. आणि या खेपेला शेवटी तिनं आपलं बोट आपल्याच कानाला लावलं.

“मी परत कामाला जाऊ म्हणतेस?” कंपनीवालीनं विचारलं. “दुसऱ्या कंपनीत?”

आईनं डोळे मिटून घेतले आणि उघडले. ती रागावली नव्हती. आईला लिहिता येत नव्हतं. कोंबड्यावाला कुतूहलानं बघत होता, तो म्हणाला, “पैशाचं काहीतरी म्हणतायत,” आणि आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं तिसऱ्यांदा हात वर केले. रस्ता. दोन. तळहात.

गाडी वळणावर दिसली. लोक उठले.

“कळलं,” कंपनीवाली घाईनं म्हणाली. “कळलं, आई.”

आईचे हात हवेतच थांबले. तिनं लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, चष्म्याच्या जाड काचांतून डोळ्यांपर्यंत. मग तिनं हात खाली घेतले, मांडीवरची औषधाच्या चिठ्ठीची घडी उचलली आणि गाडीत जागा धरायला पुढे झाली. ते तिनं पुन्हा कधी सांगून पाहिलं नाही.